तुझ्या वतीने

आर्नहेम, १४ सप्टेंबर

दीपा,

नियम तुझाच आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर भांडायचं नाही. जहाजावरच्या तुटपुंज्या डेटात अर्धं भांडण पोचतं आणि उरलेलं अर्धं मध्येच अडकतं, त्यापेक्षा सगळं एका पत्रात लिहून मेलला जोड, वॉचची पाळी संपली की निवांत वाचेन, असं तू जाताना म्हणाली होतीस. म्हणजे मी चिडलोय हे तुला पत्र उघडण्याआधीच कळलं असेल.

तुझ्यावर नाही. आधीच्या भाडेकरूवर. तो माणूस जाताना जमीन घेऊन गेला!

थट्टा नाही. इथे घर 'काल' मिळतं. डचमध्ये काल म्हणजे उघडंबोडकं. मी समजलो, फर्निचर नसेल. एजंटने दार उघडलं तर आत नुसतं सिमेंट. लॅमिनेटची पट्टी न् पट्टी उचकटून नेलेली. पडदे नेले, पडद्यांचे रॉड नेले, छताला दिवे होते तिथे वायरी लोंबतायत. मी म्हटलं, "अहो, ह्याच्यावर माणसाने राहायचं कसं?" तर तो शांतपणे म्हणतो, "त्याने तुम्हाला मेल केली होती, जमीन विकत घेता का म्हणून. तुम्ही उत्तर दिलं नाहीत." मेल डचमध्ये होती. मला वाटलं, जाहिरात आहे.

तर सध्या तुझा भीमसेन सिमेंटवर गादी टाकून झोपतो. सकाळी उठलो की पाय पांढरे. वर दोन खोल्या, खाली एक आणि स्वयंपाकघर, मागे चटईएवढं अंगण. नदी सायकलवरून दहा मिनिटं. ऱ्हाईनमधून लांबलचक मालवाहू होड्या जातात, तुझ्या जहाजापुढे म्हणजे काड्यापेट्या. शेजारची रिया सत्तरीची आहे. ती आणि तिचा नवरा तीस वर्षं अशाच एका होडीवर राहायचे. मी सिमेंटवर उभा राहून एकटाच शिव्या देतोय हे तिने कुंपणावरून ऐकलं आणि करवत आणून दिली. "ही कुठली भाषा?" असं तिने विचारलं नाही, "किती चौरस मीटर?" असं विचारलं. डच लोक.

तू म्हणाली होतीस, रॉटरडॅमला बघ. बघितलं, नाही असं नाही. पण माझं ऑफिस आर्नहेमला. विजेच्या ग्रिडवरचा लोड मोजणाऱ्याला बंदरात काय काम? आणि डिसेंबरमध्ये तू उतरलीस की तुला तरी समुद्राशी काय देणंघेणं? ही शेवटची ट्रिप. मग घर समुद्रापासून सव्वाशे किलोमीटर असलं काय आणि सव्वा असलं काय.

तुझी सात खोकी वरच्या खोलीत रचून ठेवलीत. उघडलेली नाहीत. तुझं भारतातलं सिम माझ्या फोनच्या दुसऱ्या खाचेत आहे. बँकेचा ओटीपी आला की लगेच पाठवतो. बाकी तुझ्या नावाने रोज चार जण मला कर्ज देऊ करतात.

अ‍ॅपवर तुझं जहाज म्हणजे एक पिवळा त्रिकोण आहे, सिंगापूर सोडून ब्राझीलकडे निघालेला. दिवसातून सहा वेळा बघतो. सहा वेळा तो तिथेच असतो. ह्याचाही मला राग येतो.

भीमसेन


आर्नहेम, ३ ऑक्टोबर

दीपा,

तुझं नाव ह्या घरावर लावायला खेमेंतेत गेलो होतो. खेमेंते म्हणजे इथली महापालिका. तीन आठवडे आधी वेळ घ्यावी लागते. सगळे कागद फाइलमध्ये, क्रमाने, चिकटपट्ट्या लावून. काउंटरवर तुझ्याएवढीच एक मुलगी होती.

"पार्टनर कुठे आहेत?"

"समुद्रात."

तिने टाइप करणं थांबवलं. "सुट्टीवर?"

"नोकरीवर. ती जहाजाची सेकंड ऑफिसर आहे. जहाज कुठून कसं जायचं तो रस्ता ती आखते."

"किती छान," ती म्हणाली. "मग त्या इथे राहत नाहीत."

"राहणार आहेत. डिसेंबरपासून."

"राहायला लागल्या की त्यांना घेऊन या. त्यांनी स्वतः यायला हवं. त्यांच्या वतीने तुम्हाला काही करता येणार नाही."

आणि हसली! मी म्हटलं, भाडेकरारावर तिचं नाव आहे, पत्रपेटीवर तिचं नाव आहे, वर तिची खोकी आहेत. ती म्हणाली, खोक्यांची नोंदणी आम्ही करत नाही. बाहेर येऊन मी सायकलला लाथ मारली. सायकल शेजारच्या माणसाची निघाली. त्याची माफी मागितली.

घरी येऊन आईला फोन केला, ती चूक. आई म्हणाली, "अरे, ती तिकडे पाण्यात, तू इकडे सिमेंटवर. ह्याला काय संसार म्हणायचा?" मी चांगलंच सुनावलं तिला. म्हटलं, तू पस्तीस वर्षं ससूनच्या वॉर्डांत नाईट केल्यास तेव्हा मी आणि बाबा कुठे काय म्हणालो? दीपाच्या कामाबद्दल एक शब्द ऐकून घेणार नाही. बघ, तुझी बाजू घेऊन मी आईशीसुद्धा भांडतो. शिवाय ही शेवटचीच ट्रिप आहे हेही सांगितलं. चौथ्यांदा.

खालच्या खोलीची जमीन बसवायला घेतली आहे. पहिली ओळ वाकडी गेली, की पुढच्या सगळ्या वाकड्या जातात. रियाने दोरी लावून दाखवलं. अकरा ओळी उचकटल्या आणि पुन्हा बसवल्या.

दोन ओटीपी आले, पाठवले. बाकी फालतू फोन. एक बाई दोनदा करत होत्या, काय ते बोललो त्यांच्याशी. तुला त्रास नको.

चार दिवसांत तुझं एकच वाक्य आलं, 'हवा खराब आहे, झोप नाही.' मला काळजी वाटते, आणि काळजी वाटली की मी चिडतो, हे तुला माहीत आहे.

भीमसेन


आर्नहेम, १९ ऑक्टोबर

धम्मदीपा,

पूर्ण नाव लिहिलंय त्यावरून काय ते समज.

चीफ मेटचा कोर्स? जानेवारीची बॅच? नवी मुंबईत?

तुझ्या नंबरवर मेसेज आला होता. मी मुद्दाम वाचला नाही, फोन माझ्या हातात होता आणि तो उजळला. 'आपली सीट निश्चित करण्यासाठी चार दिवसांत संपर्क करा.' मी दोनदा वाचलं. मला वाटलं, कर्जवाल्यांसारखं काहीतरी असेल, कुणा दुसऱ्याचं. पण वर तुझं नाव, तुझा नंबर, तुझा अर्ज.

चीफ मेट म्हणजे कॅप्टनच्या खालचा माणूस. म्हणजे कोर्स, परीक्षा आणि पुन्हा जहाज. पुन्हा सहा महिने, पुन्हा सहा महिने, मग कॅप्टन व्हायचं म्हणून आणखी किती? आणि हे तू मला सांगितलं नाहीस. मी इथे गुडघे सोलवटून जमीन बसवतोय, तुझ्या खोलीला कुठला रंग द्यायचा म्हणून रंगाच्या पट्ट्यांचे फोटो पाठवतोय, तू 'छान' म्हणून उत्तर देतेस, आणि तुझ्या मनात जानेवारीत नवी मुंबई! रंग कशाला निवडलास मग?

गेल्या वर्षी मुळशीच्या रस्त्यावर, टपरीवर कणीस खाताना आपलं बोलणं झालं होतं. मी म्हटलं होतं, आता हे पुरे, पुढची ट्रिप शेवटची. तू काय म्हणालीस? आठव. 'बघू' म्हणालीस. मी सगळ्यांना सांगितलं. ऑफिसात सांगितलं, आईला सांगितलं, तुझ्या बाबांना नागपूरला जाऊन सांगितलं. मेमध्ये लग्न. तारीख ठरायची बाकी होती फक्त.

मला फसवल्यासारखं वाटतंय. हे पत्र पाठवायच्या आधी मी तीनदा वाचलं, तुझ्या नियमाप्रमाणे, आणि तीनही वेळा मला तेच वाटलं.

ह्याचं उत्तर एका वाक्यात देऊ नकोस.

भी.


आर्नहेम, २७ ऑक्टोबर

दीपा,

उत्तर मिळालं. अर्ज मेमध्येच केला होतास, जहाजावर जायच्या आधी. सांगणार होतीस, पण मी तेव्हा 'शेवटची ट्रिप' म्हणून पेढे वाटत फिरत होतो, त्यामुळे तुझा धीर झाला नाही. असं तू लिहितेस. म्हणजे दोष पेढ्यांचा.

आणि मग तू विचारतेस की ती सीट रद्द कशी झाली. संस्थेने तुला मेल केली आहे, 'आपल्याशी फोनवर झालेल्या बोलण्यानुसार सीट सोडण्यात येत आहे.' तू कुणाशीही बोलली नाहीस, मग कोण बोललं, असं विचारतेस.

मला माहीत नाही. त्यांचा काहीतरी घोळ झाला असेल. शेकडो मुलं असतात त्यांच्याकडे. चार दिवसांत कुणी कळवलं नाही तर देत असतील पुढच्याला.

ह्या प्रकरणाने माझंही डोकं ठिकाणावर नाही. वरच्या खोलीची जमीन अर्धी झाली आहे. आता कशासाठी करायची, ते सांग.

भी.


आर्नहेम, २ नोव्हेंबर

दीपा,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. बोललो तो मी.

सगळं सांगतो, क्रमाने. ३० सप्टेंबरला त्या बाईंचा पहिला फोन आला. नीलिमा मॅडम, संस्थेच्या प्रवेश विभागातल्या. मी ऑफिसच्या जिन्यात होतो. "धम्मदीपांशी बोलायचंय, जानेवारीची सीट कन्फर्म करायची होती." मेसेज मी आदल्याच दिवशी वाचला होता. मी म्हटलं, त्या जहाजावर आहेत, नंतर करा. तेव्हा तुला कळवायला हवं होतं. एक ओळ पुरली असती. मी कळवलं नाही. रात्रभर धुमसत राहिलो की तू मला का सांगितलं नाहीस. दुसऱ्या दिवशी त्यांचा पुन्हा फोन आला. "सर, उद्या शेवटचा दिवस, वेटिंगवर मुलं आहेत." आणि मी म्हणालो, "ती करणार नाहीये. सीट सोडून द्या."

त्या म्हणाल्या, "बरं, सर." संपलं. मिनिटभरसुद्धा लागलं नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी मी तुला खेमेंतेचं ते पत्र लिहिलं. त्या काउंटरवरच्या मुलीवर किती तावातावाने चिडलो होतो, तुझ्या वतीने मला काही करता येत नाही म्हणून. आता ते पत्र वाचवत नाही.

मी हे आज का सांगतोय, तर काल आईला सांगितलं. खरं लिहितो, मला वाटलं ती माझी पाठ थोपटेल. तिलाच तुझं जहाज आवडत नाही, तिलाच संसार हवाय, असं मी धरून चाललो होतो. व्हिडिओ कॉल होता. ती भाजी निवडत होती, मागच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. मी सांगितलं, कोर्स होता, मी नाही म्हणून कळवलं, आता ती येईल डिसेंबरला आणि राहील.

आईने भाजी बाजूला ठेवली.

"कुणाची सीट होती?"

"दीपाची."

"आणि नाही कोण म्हणालं?"

"मी."

"भीमसेन, शिकणाऱ्याची सीट सोडलीस? आपल्या घरातल्या माणसाने?"

मी म्हटलं, आई, तूच म्हणत होतीस की ती पाण्यात आणि मी सिमेंटवर. ती म्हणाली, "मी म्हणेन. मी म्हातारी आहे, मला काळजी वाटते, मी शंभरदा म्हणेन. म्हणून मी तिचं पत्र फाडेन का?"

मग तिने मला एक गोष्ट सांगितली, जी मी कधी ऐकली नव्हती. तिचं नर्सिंगला नाव लागल्याचं पत्र गावी आलं तेव्हा ती मावशीकडे होती, बाळंतपणाला मदत करायला. आजोबांना वाचता येत नव्हतं. त्यांनी मास्तरांकडून वाचून घेतलं. तिने जाऊ नये असंच त्यांना वाटत होतं. घरात दोन लहान भावंडं, आजी आजारी. तरी दुसऱ्या दिवशी पहाटे निघून अकरा किलोमीटर चालत गेले आणि पत्र तिच्या हातात दिलं. म्हणाले, "तुझं आलंय. मला तू जायला नकोयस. काय ते तू ठरव."

"ज्याला वाचता येत नव्हतं त्याने पोचवलं," आई म्हणाली. "आणि तू एवढा शिकलेला. फोन ठेव. तिला सांगितल्याशिवाय मला फोन करू नकोस."

आई मला असं कधी बोलली नव्हती. शाळेत गणितात नापास झालो होतो तेव्हाही नाही.

आज सकाळी मी नीलिमा मॅडमना फोन केला. सांगितलं की उमेदवार मी नव्हतो, मला तो अधिकार नव्हता. त्या आधी घाबरल्या, मग चिडल्या, त्यांचं बरोबर आहे. जागा वेटिंगवरच्या मुलाला गेली, त्याने फी भरली आहे, परत घेता येत नाही. पुढची बॅच एप्रिलची. अर्ज नव्याने, आणि उमेदवाराने स्वतः. मी त्यांना लेखी कबुली पाठवली आहे, प्रत तुला जोडतोय.

तू मुळशीला होकार दिला नव्हतास. 'बघू' म्हणजे होकार, हे मीच ठरवलं. कारण मला तसं हवं होतं. तू लपवलंस ह्याचा मला राग आहे, अजून आहे. पण तो घेऊन मी जे केलं ते तू केलेल्याच्या बरोबरीचं नाही.

आता तू मला काहीही लिही. नियम मोडून व्हॉट्सअ‍ॅपवर लिही.

भीमसेन


आर्नहेम, २४ नोव्हेंबर

दीपा,

कालचं मी लिहून ठेवतोय. तुला सगळं माहीत आहे, तू तिथेच होतीस. पण एकवीस दिवस तुझं एक अक्षर आलं नव्हतं, आणि मग काल तू बोललीस, तर मला ते नीट लिहायचं आहे. माझ्या सोयीने आठवायची माझी सवय आता मला कळली आहे.

अ‍ॅपवर त्रिकोणाच्या खाली 'रॉटरडॅम' लिहिलेलं दिसलं तेव्हा मी ऑफिसात उभाच राहिलो. तुम्ही ब्राझीलचं लोहखनिज घेऊन माझ्याच देशात, माझ्या घरापासून दोन तासांवर येणार, आणि हे मला नकाशावरून कळतंय! रागाने कान तापले. मग आठवलं की कळवायचं कुणी आणि का. म्हणून तेवढीच मेल केली, 'शनिवारी दहापासून बंद होईपर्यंत बंदरातल्या सीमेन्स क्लबमध्ये बसेन. आलंच पाहिजे असं नाही.'

ट्रेन, मेट्रो, मेट्रो संपते तिथून बस, आणि शेवटी घडीची सायकल. तिथलं वारं म्हणजे कुणीतरी छातीवर हात ठेवून मागे ढकलतंय. धक्क्याच्या फाटकावर माझं नाव कुठल्याच यादीत नव्हतं, ते ठीकच. क्लबमध्ये एक बिलियर्डचं टेबल, लोकरीच्या टोप्यांची टोपली, खलाशी व्हिडिओ कॉलवर आपापल्या घराशी बोलत होते. कुणी तमिळमध्ये, कुणी फिलिपिनोत. दहापासून जहाजांवरून खलाशी आणणाऱ्या चार व्हॅन आल्या. प्रत्येक वेळी मी उठून उभा राहिलो आणि बसलो.

दोन वाजून दहा मिनिटांनी तू आलीस. केस कापलेले. कपाळावर हेल्मेटचा वळ. पाच महिन्यांनी पाहिलं तुला, आणि तू पहिलं वाक्य काय बोललीस?

"वायफायचा पासवर्ड काय आहे?"

एप्रिलच्या अर्जाची मुदत सोमवारी संपत होती. जहाजावरच्या नेटवर संस्थेची साइट उघडत नव्हती. तुला दीड तासाची सुट्टी होती. समोर बसलीस, लॅपटॉप उघडलास आणि फॉर्म भरायला लागलीस. मी चहा आणला. तू बघितलासुद्धा नाहीस.

साइट दोनदा पडली. मी टेबलावर हात आपटला. म्हटलं, ह्या लोकांना एक साइट नीट चालवता येत नाही.

तू मान वर न करता म्हणालीस, "आज चिडायची पाळी तुझी नाही."

मग ती समुद्रसेवेच्या दाखल्याची पीडीएफ. साइटला चालेल त्यापेक्षा मोठी. मी म्हटलं, "दे, मी लहान करून देतो," आणि लॅपटॉपकडे हात नेला. तू नुसतं बघितलंस. मी हात मागे घेतला. थोड्या वेळाने म्हणालीस, "कसं करतात ते सांग. करते मी." मी सांगितलं. तू केलंस.

शेवटच्या पानावर ओटीपी मागितला, आणि तो आला माझ्या खिशात. आपण दोघांनीही तो आवाज ऐकला. मी फोन तुझ्यापुढे धरला, पण तुझे हात कीबोर्डवर होते. "वाच," म्हणालीस. मी सहा आकडे वाचले. चौथा आकडा मला दोनदा सांगावा लागला.

अर्ज गेला. तू कानातली रिंग काढून माझ्यापुढे ठेवलीस. "सिम काढ." मी रिंगच्या टोकाने खाच उघडली आणि सिम काढून दिलं. तू ते टिश्यूत गुंडाळून पाकिटात ठेवलंस.

त्यानंतर तू बोललीस. मी शब्द न बदलता लिहितोय.

"मला कशाचा संताप आला, माहितीये? बावीस माणसं आणि पावणेदोन लाख टन, त्याचा रस्ता मी आखते. माझी पेन्सिल चुकली तर जहाज खडकावर. त्या पेन्सिलवर कॅप्टनचा विश्वास आहे. आणि तिकडे कुणीतरी पुरुष फोनवर म्हणाला 'ती करणार नाही', की माझं संपलं. त्यांनी विचारलंसुद्धा नाही तू कोण. कारण तुझा आवाजच तसा आला असणार. हक्काचा."

मी म्हटलं, "हो. तसाच होता."

"तुला सांगितलं नाही, ते माझं चुकलं. त्याची माफी मागते. मे महिन्यातच तोंडावर सांगायला हवं होतं की मला कॅप्टन व्हायचंय. मला वाटलं, सांगितलं तर तू जाशील. पण त्याचं आणि तुझं एका तराजूत टाकू नकोस."

"टाकत नाही."

"मग तुझ्या पत्रात 'तू लपवलंस ह्याचा राग अजून आहे' ते कशाला?"

"आहे म्हणून लिहिलं."

त्यावर तू पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलंस. बराच वेळ. "बरं केलंस," म्हणालीस.

मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं. "आपलं काय?"

"माहीत नाही, भीम. हो म्हणू का, तुला बरं वाटावं म्हणून?"

"नको."

व्हॅनवाल्याने हाक मारली. तुमचा थर्ड इंजिनिअर दोन टोप्या घालून दारात उभा होता, एक बायकोसाठी म्हणाला. तू थंड झालेला चहा एका घोटात प्यायलीस. निघताना म्हणालीस, "मेमध्ये लग्न नाही. ते तू सगळ्यांना सांग. पेढे वाटले होतेस तिथे तिथे जाऊन सांग." आणि व्हॅनमध्ये बसलीस. मी हात केला. तू काचेतून केलास की नाही ते मला दिसलं नाही. केलास असं मी लिहिणार नाही.

तुझ्या बाबांना आज फोन केला. काय केलं ते सांगितलं, कारणासकट. ते म्हणाले, "कळवलंत, ठीक," आणि ठेवला. ह्याआधी ते मला 'तू' म्हणायचे.

भीमसेन


आर्नहेम, ९ जानेवारी

दीपा,

सीट मिळाल्याचं तू स्वतः कळवलंस, ते वाचून मी ऑफिसच्या त्याच जिन्यात जाऊन बसलो. आईला कळवायला गेलो तर तिला आधीच माहीत. तुम्ही दोघी रोज बोलता असं दिसतं. काय बोलता विचारलं, तर म्हणते, "तुला कशाला?"

आता तक्रार. तू दहा दिवस नेदरलँड्सला येतेस, व्हिसा मार्चपर्यंत आहे तोवर, आणि राहणार अ‍ॅमस्टेलव्हीनला मैत्रीकडे! मैत्री चांगली मुलगी आहे, कॉलेजपासून तुझी मैत्रीण आहे, तिच्या घराजवळ भारतीय दुकानं आहेत, सगळं कबूल. तरी तुझा मेसेज वाचून मी तासभर घरात येरझाऱ्या घातल्या. भांडी आपटली. इथे दोन खोल्या रिकाम्या आहेत. मग येरझाऱ्या थांबल्या, कारण मला हे कुणापुढे मांडावं तेच कळेना. रियाला सांगायला गेलो. ती म्हणाली, "ती येते आहे ना? मग?" आणि दार लावून घेतलं, थंडी होती.

भाडेकरार सप्टेंबरपर्यंत आहे. पुढचं घर कुठे घ्यायचं, घ्यायचं की नाही, ते मी ठरवलेलं नाही. मनातल्या मनातसुद्धा नाही. ते सगळ्यात अवघड जातंय.

शनिवारी अकरा वीसच्या गाडीने तू येशील आणि संध्याकाळी सहाच्या गाडीने परत जाशील, हे तू आधीच सांगितलंस. वाईट वाटलं. आणि सांगितलंस म्हणून बरंही वाटलं. स्वयंपाक करतोय, पण तुला बाहेर जेवायचं असेल तर तेही चालेल.

मी स्टेशनवर असेन, फलाटावर. तुझी बॅग विचारल्याशिवाय उचलणार नाही.

भीमसेन